एकविसावं नाव

काउंटरवरच्या काकूंनी नाव पुकारलं आणि तिघीजणी एकदम उठल्या. यात नवल काही नव्हतं. मुलांच्या दवाखान्यात लशीच्या दिवशी हे व्हायचंच. बाकांवरची माणसं हसायची, उठलेल्या बायका कडेवरच्या मुली सावरत एकमेकींकडे बघायच्या, 'तुमचीपण?' 'हो ना, आम्ही ठेवलं तेव्हा कुणाचंच नव्हतं हो!' असं काहीबाही व्हायचं आणि जिची पाळी असेल ती आत जायची. आज जी दाराला सगळ्यांत जवळ होती ती गेली. काकूंनी कार्ड खिडकीतून सिस्टरकडे सरकवलं आणि पुढचं उचललं. दोन मिनिटं गेली असतील नसतील, आतून त्या बाईचा आवाज आला, "अहो, अकरा किलो कुठलं? माझी जेमतेम साडेसात भरते! कुणाचं कार्ड आहे हे?" सिस्टरनं इंजेक्शन भरून हातात धरलेलं होतं. कार्ड दीड वर्षाच्या मुलीचं होतं, आणि आईच्या मांडीवर बसलेली होती नऊ महिन्यांची. नाव तेच. फक्त नावच तेच.

टोचलं गेलं नाही, एवढं नशीब. त्या आईनंही आकांडतांडव केलं नाही. उलट, "माझंच चुकलं, मीच घाईनं उठले," असं म्हणून ती मुलीचे मोजे वर ओढत बसली. डॉक्टरबाई वयानं काकूंच्या मुलाएवढ्या. त्यांनी आवाज चढवला नाही, पण दार लोटून घेतलं आणि मग विचारलं, "बाई, आडनाव नाही पुकारलंत?" काकू म्हणाल्या, "पुकारते की. नेहमीच पुकारते. नाव, आडनाव, मग जन्मतारीख विचारते. बावीस वर्षं हेच करतेय." त्या खोटं बोलत नव्हत्या. खोटं बोलायचं नाही असा काही त्यांनी विडा उचलला नव्हता, पण तशी वेळच फारशी आलेली नव्हती. सिस्टर इंजेक्शन ट्रेमध्ये ठेवत होती. तिचा स्वभाव मोकळा, मनात काही ठेवून बोलायची तिला सवय नाही. ती सहज म्हणाली, "बाकी सगळ्यांना लावतात काकू आडनाव. त्या एका नावाला लावत नाहीत. मी किती वर्षं ऐकतेय. त्या नावाला नुसती हाक मारतात."

डॉक्टरबाई म्हणाल्या, जाऊ दे, झालं ते झालं, पण सोमवारपासून नंबर सुरू करू या. भिंतीवर लाल आकड्यांची पाटी लावायचं कधीपासून मनात आहेच. आल्यावर चिठ्ठी द्यायची, आकडा लागला की आत यायचं, तुमच्याही घशाला आराम. काकूंनी मान हलवली. त्या पुन्हा काउंटरवर येऊन बसल्या, उरलेली सतरा कार्डं त्यांनी नाव-आडनाव-तारीख अशी तीनतीनदा खात्री करून आत पाठवली, आणि सगळा वेळ त्यांच्या कानात सिस्टरचं वाक्य वाजत राहिलं. नुसती हाक मारतात. आपल्याला हे ठाऊक कसं नव्हतं? माणूस झोपेत बोलतं तेव्हा त्याला दुसऱ्या कुणीतरी सांगावं लागतं तसं हे झालं. त्यांनी मनातल्या मनात ते नाव आडनाव लावून म्हणून बघितलं. कुठलंही आडनाव लावलं तरी ते कुणा परक्याच्या मुलीचं नाव व्हायचं. आडनाव काढून घेतलं की ते वळायचं. म्हणजे नाव नव्हे, ती वळायची. मानेनं नव्हे, अख्खी वळायची. काकूंची पहिली, चौदा महिन्यांची पोर ती, रांगता रांगता हाक ऐकली की थांबायची, एक हात उचलून बैलगाडीनं वळण घ्यावं तशी सगळीच्या सगळी फिरायची आणि मग यायची. चालायला लागून पंधरा दिवस झाले होते तरी हाक मारली की पटकन खाली बसून रांगत यायची, कारण रांगण्यानं लवकर पोचता येतं हे तिला कळलेलं होतं.

ते नाव तेव्हा कुणाचं म्हणजे कुणाचंच नव्हतं. त्या गोष्टीचा दोघांना केवढा अभिमान! नवरा टेलिफोन खात्यात. त्यानं काय करावं, पोटात चौथा महिना असताना ऑफिसातून शहराची डिरेक्टरी घरी आणली, पाटासारखी जाडजूड, आणि रोज संध्याकाळी दिव्याखाली बसून रकान्यांवरून बोट फिरवत सुटला. आडनावं सोडून नुसती नावं वाचायची. सासूबाई म्हणायच्या, "अरे, पोर जन्माला घालताय की चोर शोधताय?" चार आठवडे हे चाललं. शेवटी एका रविवारी त्यानं डिरेक्टरी मिटली आणि निकाल लागल्यासारखा जाहीर करून टाकला, "एकही नाही. अख्ख्या शहरात आपलीच एकटी." सासूबाईंच्या जिभेला ते नाव वळता वळेना, शेजारीण विचारायची अर्थ काय, दुकानदार दोनदा विचारून लिहायचा, आणि काकू प्रत्येकाला समजावून सांगताना आतून सुखावायच्या. मग तीन दिवसांचा ताप आला आणि ती गेली. डॉक्टर आले, औषधं आली, जे जे करतात ते सगळं केलं. त्यात कुणाची चूक नव्हती. काकूंनी पुढं पुष्कळ शोधली, सापडली नाही.

पण त्यानंतर जे झालं ते त्यांनी कधी कुणाला सांगितलं नाही. शहर मुकं झालं. दुसऱ्या कुणाचं मूल गेलं तर आई गल्लीतून जाताना कुठल्यातरी खिडकीतून तीच हाक येते. काळजात चर्र होतं, पण हाक येते. कुणीतरी कुणालातरी जेवायला बोलावत असतं, कुणाला शाळेला उशीर झालेला असतो. यांच्या मुलीचं नाव कुठूनच येईना. घरात कुणी घेईना. तसं ठरलं नव्हतं, पण सासूबाईंनी घेतलं नाही, नवऱ्यानं घेतलं नाही, म्हणून काकूंनीही घेतलं नाही, आणि जी गोष्ट महिनाभर बोलली जात नाही ती मग बोलताच येत नाही. नवरा ऑफिसात गेला की काकू डिरेक्टरी काढून बसायच्या. त्यानं शोधलं होतं नसावं म्हणून. त्या शोधायच्या असावं म्हणून. एखादी म्हातारी, एखादी वकील, कुणीही. पानं चाळून बोटं काळी व्हायची. एकटीच ठेवली आपण तिला, असं त्यांना वाटायचं. एवढ्या मोठ्या शहरात एकटीच, आणि वर त्याची मिजास.

म्हणून मुलगा झाला तेव्हा काकूंनी कुणाला विचारलं नाही. गल्लीत ज्या नावाचे तिघे होते ते नाव ठेवून टाकलं. नवऱ्यानं एकदा डोळे वर करून पाहिलं आणि पुन्हा पेपरात घातले. शाळेच्या फाटकाशी उभं राहून हाक मारली की आठ-दहा पोरं वळायची, आणि त्या आठ-दहा चेहऱ्यांकडे बघून काकूंना असं काही सुरक्षित वाटायचं की सांगता सोय नाही. बाकीच्या आया वैतागायच्या. ह्या हसायच्या. आता त्याच मुलाला सव्वा महिन्याची मुलगी होती आणि सोमवारी सकाळी जन्मनोंदणीचा फॉर्म द्यायचा होता. त्यावरचा नावाचा चौकोन रिकामा होता.

दवाखाना रिकामा झाल्यावर काकूंनी पर्समधून सुनेची यादी काढली. वहीचं पान, गोल गोल अक्षर, पंचवीस नावं. सून चार दिवसांपूर्वी म्हणाली होती, "आई, सगळ्या शहराची पोरं तुमच्यासमोरून जातात. तुम्ही एवढंच करा, जे नाव तुम्ही एकदा जरी पुकारलंय त्यावर काट मारा. इंटरनेट काही सांगू दे, माझा भरवसा तुमच्यावर." मुलगा म्हणाला होता, "आणि सगळीच कटली तर?" तर सून म्हणाली, "तर तुझ्या नावाचं करू काहीतरी. तुझ्या नावाचे तर रस्त्यात दगड मारला तरी चार लागतील." हसणं चाललं होतं, पण सून त्या हसण्यात पुरती नव्हती ते काकूंना दिसलं होतं. नंतर बाळाचे कपडे घड्या घालताना ती आपण होऊनच बोलली होती. वर्गात तिच्या नावाच्या पाच. बाई त्यांना पुढची, मागची, चष्मेवाली, बुटकी असं म्हणायच्या; ही 'मागची'. "कॉलेजात गेले तर तिथं सात. आई, मी आयुष्यभर वळून वळून बघितलंय. कुणी हाक मारली की मी वळायची, आणि हाक दुसरीलाच असायची. वळलेली मान परत पुढं करताना कसं वाटतं माहितेय? म्हणजे काही नाही. पण रोज." असं म्हणून ती हसली होती आणि झबल्याचा बंद बांधायला लागली होती. त्या यादीतल्या एका नावाखाली तिनं पेन्सिलीनं इतकी पुसट रेघ मारली होती की मारली आणि पुसली, असं वाटावं. एकविसावं नाव ते.

पंचवीसपैकी चोवीस कटली. रजिस्टर उघडायचीही गरज पडली नाही; प्रत्येक नावाबरोबर एकेक चेहरा समोर यायचा. हिला कफ व्हायचा, हिनं काउंटरवरचा शिक्का तोंडात घातला होता, ह्या दोघी जुळ्या. एकविसाव्यापाशी काकू थांबल्या. हे त्यांनी कधीच पुकारलेलं नव्हतं. खात्रीसाठी त्यांनी रजिस्टरं काढली, या वर्षीचं, गेल्या वर्षीचं, त्याच्या आधीचं, आणि रकान्यावरून बोट फिरवायला लागल्या. बोट खाली जात होतं, पान उलटत होतं, आणि आपल्याला हे बोट ओळखीचं वाटतंय हे त्यांच्या लक्षात आलं. एकही नाही. अख्ख्या शहरात आपलीच एकटी.

नऊ वर्षांपूर्वी पहिल्यांदा ते नाव, ते दुसरं, आपल्या पोरीचं, याच काउंटरवर आलं होतं. टीव्हीवरच्या कुठल्याशा मालिकेतल्या मुलीचं म्हणे. समोरच्या बाईनं ते सांगितलं आणि काकूंनी दोनदा विचारलं. "काय? पुन्हा सांगा." बाई म्हणाली, जरा वेगळं आहे ना, म्हणूनच ठेवलं. काकूंनी ते लिहिलं. मग उभ्या राहिल्या आणि पंचवीस वर्षांनी ते नाव मोठ्यानं उच्चारलं, भरल्या दवाखान्यात, आणि एक जावळ वाढलेली, नाक वाहणारी, धडधाकट पोर आईच्या खांद्यावरून त्यांच्याकडे वळली. त्या दिवशी घरी त्यांनी यातलं काही सांगितलं नाही. पुढच्या वर्षी चार आल्या. मग दहा. आता तेवीस कार्डं होती, आणि कुठलाही आठवडा कोरडा जात नव्हता. सकाळी कुलूप काढण्याआधी पायरीवर उभं राहून डोळे मिटायचे, आज जे येईल ते मूल बरं होऊन जाऊ दे एवढं म्हणायचं, हा त्यांचा रोजचा नेम. पण खरा नेम तो नव्हता हे त्यांना आज कळत होतं. खरा नेम हाक मारण्याचा होता. हाक मारायची आणि कुणीतरी यायचं. दरवेळी यायचं. आणि सोमवारपासून भिंतीवर आकडे लागणार होते.

त्यांनी पेन उचललं आणि एकविसाव्या नावावर काट मारली. बाकीच्या चोवीस काटांसारखीच, सरळ, पट्टीनं मारावी तशी. मग रजिस्टरं जागच्या जागी ठेवली, काउंटर ओल्या फडक्यानं पुसला, खिडकीची कडी लावली.

घराचा रस्ता वीस मिनिटांचा. शनिवारची दुपार, अर्धी दुकानं बंद, एका जिन्याखाली शिलाई मशीनचा आवाज. काकू सावलीच्या बाजूनं चालल्या होत्या आणि स्वतःशी हुज्जत घालत होत्या. खोटं कसलं त्यात? एक रेघ तर मारली. नाव काय, पंचवीस सोडून सव्विसावं सापडेल. चांगलं रुळलेलं, चार घरांत असलेलं ठेवावं. मूल गर्दीत मिसळून जावं, कुणाच्या नजरेत भरू नये. हे सगळं त्या सुनेला समजावून सांगतायत असं मनात चाललेलं, आणि मनातली सून ऐकून घेत होती, झबल्याचा बंद बांधत. तिनं मान वर केली की काकू दुसरा विषय काढायच्या. कोपऱ्यावरच्या घरातून एका माणसानं गॅलरीत येऊन खाली खेळणाऱ्या कुणालातरी हाक मारली. काकूंच्या मुलाचंच नाव. खाली खेळणाऱ्या घोळक्यातले दोघे वर बघायला लागले, आणि तो माणूस म्हणाला, "तू नाही रे, तू खेळ." तो दुसरा पोरगा क्षणभर तसाच वर बघत राहिला. मग त्यानं बूट मातीत घासला आणि खाली बघितलं. एवढंच. काकू बावीस वर्षं तिघीतिघींना उठताना बघत होत्या. खाली बसणाऱ्या दोघींकडे त्यांनी कधी बघितलं नव्हतं.

घरी नवरा स्वयंपाकघरात वाटाणे सोलत बसला होता. रिटायर झाल्यापासून ते खातं त्याच्याकडे. मुलगा जमिनीवर पालथा पडून बाळासमोर भुवया उडवत होता आणि सून दारातच उभी. "आलात! पाणी प्या आधी. नाही, आधी यादी द्या. नाही, पाणी प्या." काकू पाणी प्यायल्या आणि त्यांनी यादी दिली. सुनेचं बोट वरून खाली उतरत गेलं आणि एकविसाव्यापाशी, व्हायचं तसंच, थांबलं. "हेपण?"

"हं."

"खरंच? हे पुकारलंय तुम्ही?"

"पुष्कळ येतात बाई. लक्षात थोडंच राहतं." आपला आवाज आपल्याला दवाखान्यातल्यासारखा वाटला काकूंना, कामापुरता.

"बघ, मी म्हटलं होतं, सगळी कटतील," मुलगा जमिनीवरून म्हणाला. "आता हिचं नाव नंबर एक ठेवू. पुढच्याला नंबर दोन."

"गप रे." सून यादीची घडी घालत होती. घडीची घडी, तिची घडी. "असू दे. वेड्यासारखं मन बसतं एखाद्या नावावर. शेवटचे तीन महिने मी हिला पोटात त्याच नावानं हाक मारायचे. मनातल्या मनात हं, याला पण नाही सांगितलं." मग ती एकदम हुशारीनं म्हणाली, "आण तो फॉर्म. पहिलंच लिहून टाकू. सगळ्यांचं असेल तर आपलंपण असू दे. काय फरक पडतो? मी नाही का मोठी झाले?" मुलानं कपाटावरून फॉर्म काढला, तिनं तो मांडीवर पाटी घेऊन तिच्यावर ठेवला आणि पेनाचं टोपण दातानं काढलं.

काकू बघत होत्या. रिकामा चौकोन, त्यावर टेकत आलेलं निळं टोक. तीन महिने पोटात मारलेली हाक. ती हाक आता कुठं जाईल? ती कुणाला कळणारसुद्धा नाही. शहराच्या ज्या मुकेपणाला आपण एवढं भ्यालो, तो आपणच आता हिच्या तोंडात भरतो आहोत.

"थांब," त्या म्हणाल्या. "ते खोटं खोडलंय मी."

"काय?"

"एकविसावं. कुणाचंच नाही ते. तीन वर्षांची रजिस्टरं बघितली. कुणाचंच नाही."

टोपण अजून सुनेच्या दातातच होतं. ते तिनं काढून हातात घेतलं. "मग खोडलंत कशाला? तुम्हाला नाव आवडलं नाही तर तसं सांगायचं होतं, आई. मी काय भांडले असते? मी तुमच्यावर सोडलं होतं. इंटरनेटवर नाही सोडलं, तुमच्यावर." तिचा आवाज फुटला तो रागानं की कशानं, तिचं तिलाही कळलं नसेल. मुलगा उठून बसला. "अगं, आई बोलतेय ना, तिला बोलू दे."

आणि काकूंनी सांगितलं. कुठून सुरुवात करावी ते त्यांना सुचेना, म्हणून डिरेक्टरीपासून केली. बोलायची सवय नसलेल्या माणसासारख्या त्या मधेच थांबायच्या, एखादी क्षुल्लक गोष्ट धरून बसायच्या, डिरेक्टरीच्या पुठ्ठ्याचा रंग, तापातल्या दिवसांतली पाण्याची वाटी; पण थांबल्या नाहीत. मुलाला एवढंच ठाऊक होतं की आपल्याआधी एक बहीण होती, लहानपणीच गेली. तो आता आईकडे असा बघत होता की जणू तिचा चेहरा त्याला पुन्हा पहिल्यापासून पाठ करायचाय. बोलता बोलता काकू नावापाशी आल्या, आणि दवाखान्यात कधी दिवसातून दोन-दोन वेळाही सहज उच्चारलेलं ते नाव त्यांच्या ओठांशी येऊन असं अडलं की त्यांना डोळे मिटावे लागले. मग त्यांनी ते घेतलं. या घरात, या भिंतींत, चौतीस वर्षांनी. मोठ्यानं नाही, पण पूर्ण.

स्वयंपाकघरातलं वाटाण्यांचं टपटपणं बंद झालं.

"माझ्या पोरीचं नाव मी असं ठेवलं की ती गेल्यावर ते घ्यायलासुद्धा कुणी उरलं नाही," काकू म्हणाल्या. "म्हणून भीती वाटली गं. दुसरं काही नाही. चौदा महिने होती."

"चौदा महिने अकरा दिवस," दारातून आवाज आला. नवरा उभा होता, मांडीवरची सालं पायाशी सांडलेली. तो बायकोकडे बघत नव्हता, जमिनीकडेही नाही, मधेच कुठंतरी. "आणि ते नाव तू नाही, मी शोधलं. ते स्वतःच्या डोक्यावर घेऊ नकोस." मग त्यानंही ते घेतलं. एकदा. जरा वाट बघून आणखी एकदा, हाक मारल्यासारखं.

कुणी रडलं नाही म्हणायचं, कारण सगळे एकमेकांपासून तोंडं चुकवत होते. पहिला मुलगा बोलला. "म्हणजे माझं नाव... मुद्दाम?"

"मुद्दाम. गल्लीत तिघे होते म्हणून."

"आमच्या ऑफिसात सहा आहेत, आई," तो नाक ओढत म्हणाला. "पुरे ना? का आणखी भरती करायची?" आणि मग हसू आलं, आधी सुनेला, मग सगळ्यांना, कुणाचं कुठं थांबावं ते न कळणारं.

हसणं ओसरल्यावर सून काकूंजवळ सरकून बसली. तिचा राग गेला होता की नव्हता, पण तिनं फॉर्म काकूंच्या मांडीवर ठेवला. "तिचंच ठेवू या का मग? मी मनापासून म्हणतेय."

काकूंनी फॉर्मकडे पाहिलं. मोह झाला नाही असं नाही. तो चौकोन केवढा होता. ते नाव त्यात अगदी मावलं असतं. "नको," त्या म्हणाल्या. "ते तिचं. आणि आता ते तेवीसजणींचं आहे, बरं चाललंय त्याचं. हिनं कशाला वळून वळून बघायचं? तुझ्या मनात आहे ते लिही."

"तुम्हाला भीती वाटेल. दरवेळी हाक मारताना."

"वाटेल की. पण ती माझी भीती, माझ्यापाशी राहील. तिच्या फॉर्मावर कशाला?"

सुनेनं लिहिलं. गोल गोल अक्षर, चौकोनाच्या चारी बाजूंना थोडी थोडी जागा राहिली. सगळे वाकून बघत होते. "आता म्हणून बघा ना कुणीतरी," ती म्हणाली, आणि सगळेच संकोचले. नव्या कपड्यासारखं ते नाव कडक होतं, बोलायला गेलं की जिभेला त्याच्या घड्या लागायच्या. आजोबा बाळाला आजवर साहेब म्हणत आले होते. त्यांनी, "काय साहेब," म्हणून सुरुवात केली, जीभ चावली, आणि फॉर्मवर बघून म्हटल्यासारखं ते नवं नाव म्हटलं. मुलानं तीन प्रकारांनी म्हणून बघितलं, लाडानं, रागावल्यासारखं, आणि शाळेत हजेरी घेतात तसं. शेवटी काकूंनी बाळाला उचललं, तिचं तोंड आपल्या तोंडासमोर धरलं. त्यांनी हाक मारली. सव्वा महिन्याच्या मुलीला हाक काय कळणार? ती काकूंच्या चष्म्याच्या काडीकडे बघत राहिली आणि तिनं जांभई दिली. काकूंनी पुन्हा मारली. मग पुन्हा, तिला नाही तर नावाला सवय व्हावी म्हणून.

त्या दुपारी त्या घरात काम असो नसो, जो तो ते नाव घेत सुटला. दुधाची बाटली कुठाय हे विचारायचं तरी नाव घेऊन, कपडे वाळले का हे विचारायचं तरी नाव घेऊन. आजोबांनी वाटाणे सोलता सोलता तिला टेलिफोन खात्यातली एक लांबलचक हकिगत सांगितली आणि दर वाक्याला तिच्या नावानं टेकण दिलं. तिन्हीसांजेला शेजारच्या काकी मीठ मागायला आल्या, ऐकून घेतलं, आणि दारातूनच म्हणाल्या, "काय गं, मी तर म्हणत होते तुमचं अजून ठरलंच नाही! एवढं रुळलंय नाव तोंडात, कधी ठेवलंत?" आतल्या खोलीतून मुलाचा आवाज आला, त्याच नावानं बाळाला लंगोट बदलायला बोलावणारा, आणि काकूंनी तो रोजचाच असल्यासारखा ऐकून मिठाची वाटी भरायला घेतली.